मुंबई ते लुसाका, साडेचार तास

आमच्या बालाघाटच्या घरी मुलीसाठी स्थळ आलं की बहुतेक प्रश्न बाबाच विचारायचे. मुलगा काय करतो, पगार किती, घरी शेती आहे का, भावंडं किती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकायची आणि पाहुणे उठायच्या बेतात आले की एकच गोष्ट विचारायची, "तिथून इथं याले किती तास लागते?" वारासिवनी म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा. कटंगी, तिरोडी, गोंदिया चालण्यासारखी होती. नागपूर म्हणजे पाच तास, ती तिची शेवटची हद्द. अमरावतीचं एक फार चांगलं स्थळ तिने पोह्यांच्या बशा उचलता उचलता मोडून टाकलं होतं. "नागपूरची गाडी चुकली तं दुसरा दिवस उजाडते," एवढंच तिचं कारण. बाबांनी मान खाली घातली आणि पाहुण्यांना रिक्षापर्यंत सोडून आले.

तिच्या या हट्टाला कोणी हसत नसे, कारण त्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आईची धाकटी बहीण, आमची लीलामावशी, उकव्याला दिली होती. मावसा तिथल्या खाणीत टाइमकीपर होते. उकवा आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर, पण मध्ये जंगल आणि घाट. मावशी बाळंतपणाला आमच्याकडेच यायची होती. त्याआधीच एका सकाळी बस कंडक्टरबरोबर निरोप आला की बाईची तब्येत ठीक नाही, बहिणीला पाठवा. आई अंगावरच्या साडीनिशी निघाली. घाटात बस बंद पडली. दुसरी बस येईपर्यंत आई रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होती. ती पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि मावशीच्या अंगणात माणसं बसलेली होती. आई बोलायची फार नाही, पण कधी विषय निघाला तर म्हणायची, "चाळीस किलोमीटरले नऊ तास." मावशीचं नाव ती घ्यायची नाही. फक्त हे तास सांगायची.

मध्य प्रदेशातल्या या बालाघाटात आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे नळ आणि पेरूचं झाड. बाबा सिंचाई विभागात नक्शानवीस होते. कालव्यांचे नकाशे काढायचे. त्यांच्या बोटांना कायम शाई असे आणि घरात जुन्या नकाशांच्या पाठकोऱ्या कागदांची रेलचेल, त्यामुळे आमच्या शाळेच्या वह्यांना निळ्या रेघांची कव्हरं असत. सकाळ छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, इंजिनाच्या शिटीने व्हायची. दिवाळीनंतर भाताच्या गिरण्या सुरू झाल्या की त्यांची धडधड दिवसभर ऐकू यायची, इतकी की रविवारी ती बंद असली म्हणजे चुकल्यासारखं वाटायचं. घरात आम्ही आपसात मराठी बोलत असू, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. ताई आणि मी भांडायला लागलो तर सुरुवात मराठीत व्हायची आणि शेवट हिंदीत. बाबा म्हणायचे, यावरून कळतं भांडण किती पुढे गेलं ते.

ताई म्हणजे शैलाताई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. बी.ए. होऊन तिला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत तिने किती वेळा साडी नेसून ट्रे हातात धरला ते मी मोजलं नाही, पण दर वेळी गोड शिरा मिळायचा, म्हणून मला ते दिवस आवडायचे. हे लिहिताना आता ओशाळल्यासारखं होतं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, गणित घेऊन, आणि मला वाटायचं की ज्याला गणित येतं त्याला सगळंच येतं.

त्या वर्षी नवा चिन्नोर तांदूळ घरात आला आणि त्याच आठवड्यात प्रभाकररावांचं स्थळ आलं. प्रभाकरराव पूर्वी तिरोडीच्या मॅंगनीज खाणीत इंजिनिअर होते. दोन वर्षांपासून आफ्रिकेत झांबिया नावाच्या देशात तांब्याच्या खाणीवर नोकरीला होते आणि दीड महिन्याच्या रजेवर लग्न करायला आले होते. वारासिवनीचे त्यांचे काका बरोबर होते. प्रभाकरराव कमी बोलणारे, थोडे लाजाळू. आईने केलेली पाटवडी त्यांनी तीनदा मागून घेतली, आणि ताईला त्यांनी स्वतःहून एक प्रश्न विचारला, "तिथं आपली माणसं थोडीच आहेत. करमेल तुम्हाला?" ताई म्हणाली, "इथं तरी कुठं करमते?" बाबांना ठसका लागला. प्रभाकरराव मात्र हसले, आणि मला वाटतं गोष्ट तिथेच ठरली.

आईने मात्र दारातून आपला प्रश्न विचारला. काका म्हणाले, "विमानानं जाते वहिनी, तास-बिस काय, बसलं की पोचलं." हे उत्तर आईला पुरणारं नव्हतं. प्रभाकररावांनी खिशातून विमान कंपनीचं वेळापत्रकाचं घडीचं पत्रक काढलं, एका ओळीखाली पेनने रेघ मारली आणि बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते वाचलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने मला पेरूच्या झाडाखाली गाठलं. ती कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मंदा, मले जायचं हाय."

"इतक्या दूर?"

"हौ. दूरच जायचं हाय." मग ओला टॉवेल झटकून म्हणाली, "आई नाई म्हनन. मी तिच्याशी भांडणार नाई, तिले मावशीचं दुःख हाय. ती नाई म्हटली तं मी गप बसीन. पन मग मले पुन्हा कोनाच्या समोर बसवू नका म्हना."

मी आत आले. आई स्वयंपाकघरात भुईवर बसून सुपात तांदूळ पाखडत होती. नव्या चिन्नोरचा वास साऱ्या घरात भरला होता. मला पाहून तिने सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि पदराखालून ते पत्रक काढलं. सकाळपासून तिने ते स्वतःजवळ ठेवलं असावं. आई चौथीपर्यंत शिकलेली, मराठी-हिंदी वाचायची. पत्रक इंग्रजीत होतं.

"याच्यात काय लिवलं हाय? ह्या रेघेच्या वर?"

रेघेच्या वर लिहिलं होतं की विमान दर बुधवारी मुंबईहून सकाळी सातला निघतं आणि लुसाकाला, झांबियाच्या राजधानीत, साडेअकराला पोचतं. दोन्ही वेळा स्थानिक. मी म्हटलं, "सकाळी सातला मुंबईहून निघते. साडेअकराला तिथं."

आईने बोटांवर मोजलं. सात, आठ, नऊ. तांदळाच्या कोंड्याने तिची बोटं पांढरी झाली होती. "साडेचार तास?" ती माझ्याकडे बघत राहिली. "नागपूरले पाच लागते वं."

लुसाकाचं घड्याळ आपल्या मागे साडेतीन तास चालतं, हे मला माहीत होतं. नववीच्या भूगोलात हेच तर होतं. साडेचार आणि साडेतीन, आठ तास. शिवाय "दर बुधवारी" हे दोन शब्द मी गिळले होते. दारात ताई येऊन उभी राहिली होती, बादली हातात तशीच.

"पक्कं?" आईने विचारलं.

"हौ, पक्कं," मी म्हटलं. "नागपूरपेक्षा जवळ."

आईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. चार वेळा पाखडलं. मग म्हणाली, "असं असन तं काय हरकत हाय." ताईच्या हातातली बादली खाली टेकल्याचा आवाज आला.

परवा माझ्या सुनेने मोबाईलवर मला दाखवलं. दोन शहरांची नावं टाकली की मधलं अंतर येतं. मुंबई ते लुसाका सहा हजार दोनशे किलोमीटर, विमानाने सात-आठ तास. तिने ते एका क्षणात काढलं आणि भाजी निवडायला बसली. मी तो आकडा बघत राहिले. तेव्हा आईच्या हातात असं काही असतं तर ताईचं काय झालं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

लग्न पंधरा दिवसांत झालं. प्रभाकररावांनी रजा वाढवून घेतली आणि ताईला बरोबर नेऊन परदेशी जाण्याच्या कागदपत्रांचं सगळं स्वतः उरकलं, ते आईपर्यंत आलंच नाही. ताईला सोडायला आम्ही गोंदियापर्यंत गेलो. मुंबईची गाडी सुटताना आई रडली नाही. बाबांचं मनगटी घड्याळ तिने मागून घेतलं होतं आणि दोन दिवसांनी, बुधवारी सकाळी, ते समोर ठेवून ती बसून राहिली. साडेअकरा वाजले तेव्हा म्हणाली, "पोचली." खरं तर ताई तेव्हा समुद्रावर होती. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

ताईची पत्रं तीन-तीन आठवड्यांनी यायची. लुसाकाहून आणखी पाच तास मोटारीने गेलं की त्यांच्या खाणीचं गाव. हेही आईला नव्यानेच कळलं. "मोटारचं काय, ते जावईबुवाच चालवतात," असं म्हणून तिने ते पचवलं. ताई लिहायची की इथे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करून खातात, तांदूळ मिळतो पण त्याला वास नाही. शेजारी एस्तेर बांदा नावाची बाई राहते. तिचा नवरा ह्यांच्याच खाणीत फोरमन आहे. तिला पाच मुलं. तिला मराठी येत नाही आणि मला तिची भाषा येत नाही, दोघी मोडकं इंग्रजी बोलतो, पण बाजारात ती माझा हात धरून नेते आणि कोणी भाव जास्त सांगितला तर माझ्या वतीने भांडते. आई ही पत्रं वाचून देवाच्या फळीवर ठेवायची.

दीड वर्षाने तार आली. ताईला सहावा महिना होता. रक्तदाब फार वाढला होता, पायांवर सूज होती आणि डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत अंथरुणात राहायला सांगितलं होतं. शेवटी होतं, आईंना पाठवा.

बाबांनी तार वाचून दाखवली. आईने पलंगाखालची पेटी ओढली. एक साडी, दुसरी साडी, शेंदेलोणाची पुडी, सुंठ. हात भराभर चालले होते. "आज दुपारच्या गाडीनं गोंदिया," ती म्हणत होती. "राती मुंबईची गाडी. उद्या संध्याकाळी मुंबई. परवा सकाळी सातच्या विमानात बसली तं साडेअकराले तिच्याजवळ. अहो, तुमी तिकिटाचं पाहा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. शेवटी मीच बोलले.

"आई, विमान रोज नसते. बुधवारीच असते."

"काय म्हटलं?"

"अन् आठ तास लागते. साडेचार नाई. तिथलं घड्याळ मागं असते." मला थांबताच येईना. "पासपोर्ट लागते, तुझा नाई हाय. सुई लागते, पिवळ्या तापाची, ती मुंबईलेच देते. मले तेव्हा माहीत होतं आई. बुधवारचं आन तासाचं माहीत होतं."

आईने हातातली साडी पेटीत ठेवली. घडी नीट केली. "तुमाले?" तिने बाबांना विचारलं.

बाबा म्हणाले, "हौ. मी पत्रक वाचलं होतं."

"अन् शैलाले?"

बाबांनी तार घडी करून खिशात ठेवली.

"म्हनजे ह्या घरात मी एकटीच अडाणी," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. ती उठून नळावर गेली आणि भांडी घासायला बसली, सकाळची घासून झालेली भांडी.

पासपोर्टला पाच आठवडे लागले. बाबा दोनदा भोपाळला जाऊन आले. पोलीस चौकशीला एक हवालदार घरी आला, त्याला आईने चहा दिला आणि विचारलं, "साहब, कितने दिन लगेंगे?" तो म्हणाला, "माताजी, हमारे हाथ में होता तो आज ही कर देते." या पाच आठवड्यांत आई माझ्याशी बोलली नाही असं नाही. मीठ दे, दार लाव, एवढं बोलायची. जेवायला वाढायची. पण मी खोलीत आले की तिचं बोलणं थांबायचं आणि मी गेले की पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू यायचं. मार दिला असता तर बरं वाटलं असतं, असं मला अनेकदा वाटलं. आमच्या आईने आम्हाला कधी मारलं नव्हतं.

मी माझ्यापुरतं ठरवलं होतं की आता या प्रवासात एक मिनिटही चुकणार नाही. बाबांच्या नकाशाच्या पाठीवर मी सगळं लिहून काढलं. सुई टोचल्यापासून दहा दिवसांनी तिचा दाखला लागू होतो, हे प्रभाकररावांनी कळवलं होतं. मुंबईत सुईच्या केंद्रात शुक्रवारी आणि सोमवारी सुई मिळायची. मी सोमवार धरला. शुक्रवार धरला असता तर बाबांची तीन दिवसांची जास्तीची रजा गेली असती आणि ठाण्याला बाबांच्या मावसभावाकडे तीन दिवस जास्त राहावं लागलं असतं. सोमवार एक, मंगळवार दोन, असं मोजलं की पुढच्या आठवड्यातला बुधवार बरोबर दहावा. त्याच बुधवारी विमान. मला फार समाधान वाटलं होतं.

तिघेही मुंबईला गेलो. सोमवारी आईने दंड पुढे केला, सुई घेतली आणि दाखल्याचं पिवळं पुस्तक कनवटीला लावलं. तिकीट पक्कं करायला आम्ही मंगळवारी, म्हणजे विमानाच्या आदल्या दिवशी, विमान कंपनीच्या कचेरीत गेलो. काचेपलीकडच्या माणसाने पिवळं पुस्तक उघडलं, तारीख पाहिली आणि बोटांवर मोजलं.

"ये तो गुरुवार से मान्य होगा," तो म्हणाला.

"बुधवार को दस दिन होते हैं," मी म्हटलं.

"बेटा, जिस दिन सुई लगी वो दिन नहीं गिनते. उसके अगले दिन से एक."

बाबांनी त्याला तार दाखवली. तो उठून आत गेला, परत आला, खरोखर वाईट वाटल्यासारखं म्हणाला की यांना बसवलं तरी तिथे उतरू देणार नाहीत. पुढचं विमान पुढच्या बुधवारी. मी काउंटरची कड धरून उभी होते. मला एम.एस्सी.ची स्वप्नं पडत होती आणि मी एकपासून दहापर्यंत चुकले होते.

आई बाकावर बसली. बाबांनी पाणी आणून दिलं, ते ती प्यायली. मग म्हणाली, "चला, ठान्याले जाऊ. त्या बाईनं स्वयंपाक करून ठेवला असन." बाबांचं मन राखायला की माझं, ते मला कळलं नाही. तो आठवडा तिने त्या परक्या स्वयंपाकघरात काढला. यजमानीणबाईंच्या घरातले सगळे डबे घासले, सगळ्या डाळी निवडल्या. मी शेजारी बसले तर सरकून जागा द्यायची. बाबांची रजा संपली तरी ते थांबले.

पुढच्या बुधवारी पहाटेच आम्ही तिला विमानतळावर सोडलं. हातात बाबांचं घड्याळ, पिशवीत पाच किलो चिन्नोर. एक गुजराती बाई लुसाकाला परत निघाली होती, तिच्या ओळखीने आईला बसवलं. आत जाताना आईने बाबांना नमस्कार केला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पटकन, जाता जाता. मी त्या हातावर चार महिने काढले.

ताईचं बाळंतपण सोमवारी झालं होतं. आई पोचायच्या दोन दिवस आधी. हे लुसाकाच्या विमानतळावर प्रभाकररावांनी तिला सांगितलं. पोट कापून मुलगी काढली होती, चार पौंडांची. दोघी जिवंत होत्या. आम्हाला ही बातमी तारेने कळली. बाबांनी ती वाचली आणि पेरूच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. मी चुकलेल्या बुधवारचा हिशेब करून पाहिला. ती त्या बुधवारी गेली असती तर बाळंतपणाच्या पाच दिवस आधी पोचली असती. बाबा परत आले तेव्हा मी रडत होते. ते म्हणाले, "दोघी जित्या हायेत ना? मग उठ. कुकर लाव."

चार महिन्यांनी आई परतली. बाबांना दौरा होता, म्हणून मुंबईहून तिला ठाण्याच्या काकांनी गाडीत बसवून दिलं आणि गोंदियाला मी एकटीच आणायला गेले. आई उतरली ती थोडी वाळलेली, रापलेली, डोक्यावर मोठ्या मोठ्या पिवळ्या फुलांच्या आफ्रिकन कापडाचं गाठोडं. आम्ही छोट्या लाईनच्या डब्यात बसलो. ती गाडी तेव्हा सायकलवाल्यालाही मागे टाकत नसे. नदीच्या पुलापर्यंत येईस्तोवर आईने सगळं सांगितलं. त्या सोमवारी प्रभाकरराव खाणीत खाली होते. ताईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, झटके आले. एस्तेरने भिंतीपलीकडून पडल्याचा आवाज ऐकला. तिने भाजीच्या ट्रकवाल्याला रस्त्यात आडवी उभी राहून थांबवलं, ताईला मागे कोबीच्या पोत्यांवर घातलं आणि दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, शुद्ध आली, तोवर ती तिथून हलली नाही. दोन दिवस. स्वतःची पाच पोरं शेजाऱ्यांवर टाकून.

"मी गेली तं ती दारात बसली होती," आई म्हणाली. "मले पाहून उठली आन् म्हने, मदर? मी म्हटलं, हौ. मग ती घरी गेली."

मी विचारलं, "आई, तू अजून माझ्यावर रागावली हायेस?"

"हौ."

गाडी एका स्टेशनवर थांबली. मुरमुरेवाली चढली, पुढच्या डब्यात गेली. आई खिडकीबाहेर बघत बोलत होती.

"सुईच्या दिवसाचं नाई. चूक कोनाचीबी होते. तू जीव तोडून करत होती, मी पाहिलं. पन ते पहिलं. तुले वाटलं, खरं सांगितलं तं आई नाई म्हनन. बरोबर हाय, नाईच म्हटलं असतं. शैला दोन दिवस जेवली नसती. मी बी जेवली नसती. अन् तिसऱ्या दिवशी मी हौ म्हटलं असतं. मी काय तिची दुश्मन हावो?" तिने गाठोडं जवळ ओढलं. "तो तिसरा दिवस तुमी मले देल्लाच नाई. तिघंबी मिळून."

मग तिने ते सोडून लाडवांचा डबा काढला, मला एक लाडू दिला. "खा. सकाळपासून काई खाल्लं नसन."

घरी आल्यावर आठवडाभराने तिने मला कागद-पेन घेऊन बसवलं. एस्तेरला पत्र लिहायचं होतं. ती मराठीत सांगत गेली, मी इंग्रजीत लिहीत गेले. तुमचे उपकार फार आहेत. तुमच्या धाकट्याचा खोकला बरा झाला का. माझी लेक तुमच्या भरवशावर आहे, पण तुमच्यावर किती भार घालावा याची तिला समज नाही, तिला रागवत जा. हे शेवटचं मी लिहावं की नाही म्हणून पेन थांबलं, तर आई म्हणाली, "जसं म्हटलं तसंच लिव." मी तसंच लिहिलं.

दोन महिन्यांनी एस्तेरचं उत्तर आलं. रेघांच्या वहीचं एकच पान, मोठ्या गोल अक्षरात. आई चुलीपाशी भाकरी करत होती. तिने तवा उतरवला आणि म्हणाली, "वाच."

मुलं बरी आहेत, असं होतं. पाऊस चांगला झाला. बाळाला दात आला. मग पुढे चार ओळी होत्या. त्या मी मनातच वाचल्या.

"काय लिवलं हाय?"

"काई नाई, त्या दिवसाचं लिवलं हाय."

"मंदा." आई पुढे सरकली. पिठाचे हात तिने मांडीवर ठेवले. "असन तसं सांग."

मी सांगितलं. एस्तेरने लिहिलं होतं, ट्रकमध्ये तुमची मुलगी डोळे मिटून एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडत होती. आई, आई. मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. मला वाटलं ते तुमच्या देवाचं नाव असेल. म्हणून तिच्या कानाशी तोंड नेऊन दवाखाना येईपर्यंत मीही तिच्याबरोबर तेच म्हणत राहिले.

आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. म्हणाली, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.